बॅजवर शून्य आलं म्हणजे नेमकं काय आलं?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: ‘प्रशांत महासागरातल्या एनेवेटक बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या आणि १९७७ ते १९८० मध्ये आपल्याच जवानांकडून तिथली किरणोत्सारी माती उचलून घेतली. फोटोंत ते उघड्या अंगाने काम करताना दिसतात. सरकारचं म्हणणं, डोस नगण्य होता, बॅजवर शून्य आहे. जवान म्हणतात, आम्हाला कॅन्सर झाले. खरं कोण बोलतंय? माझा धाकटा भाऊ खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये आहे. उद्या त्याला असलं काम सांगितलं तर त्याने काय विचारावं?’

मी नोकरीभर हेल्थ फिजिक्सचं काम केलं. म्हणजे किरणोत्सारी जागेत माणसं उतरण्याआधी मोजमाप करायचं, ती आत असताना घड्याळ आणि मीटर घेऊन दाराशी उभं राहायचं, आणि बाहेर आली की त्यांना नखशिखांत तपासायचं. यातली बरीच वर्षं प्लुटोनियमच्या प्रयोगशाळांत गेली. शेवटची काही वर्षं जवानांच्या तुकड्यांना याच विषयाचे वर्ग घेतले. त्यामुळे एनेवेटकबद्दल वाचताना मला इतिहास वाचल्यासारखं कधी वाटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी साइटचं लॉगबुक चाळतोय असंच वाटत राहिलं.

बॅज म्हणजे छातीवर लावायचा, अंगावर पडलेला किरणोत्सार (डोस) नोंदवणारा फिल्मचा तुकडा. त्यावर शून्य आलं हे खरं असू शकतं. आणि त्या शून्यावरून जवानांना काही झालं नाही असं म्हणता येत नाही. हे कसं, ते नीट सांगायला थोडा वेळ लागेल.

वर्गात मी सुरुवात हळदीपासून करायचो. बल्बखाली उभे राहिलात तर अंगावर उजेड पडतो, बाजूला झालात की संपला. क्ष-किरण किंवा गॅमा किरणांचं असं असतं. हळदीचं तसं नाही. ओट्यावर हळदीचा डबा लवंडला की तुम्ही फडक्याने पुसता, फडकं पिवळं होतं, मग हात, मग फ्रीजचं हँडल, मग पोराचं झबलं. दोन दिवसांनी दाराच्या कडीवर पिवळा ठसा सापडतो आणि तो कुठून आला हे कुणाला आठवत नाही. किरणोत्सारी दूषितता, ज्याला आम्ही कामावर सरळ ‘कंटॅमिनेशन’ म्हणतो, ती या हळदीच्या जातीची. फक्त ती पिवळी दिसत नाही.

एनेवेटकच्या मातीतला खरा धोका हळदीच्या जातीचा होता, आणि जवानांच्या छातीवरचा बॅज उजेड मोजणारा होता.

आता जागेबद्दल. एनेवेटक हे मार्शल बेटांतलं एक कंकणद्वीप, म्हणजे प्रवाळाच्या बेटांचं कडं. मधे मोठं लगून, म्हणजे कड्याच्या आतलं समुद्राचं पाणी, भोवती चाळीसेक चिमुकली बेटं. डिसेंबर १९४७ मध्ये तिथल्या रहिवाशांना उजेलांग नावाच्या त्याहून लहान बेटसमूहावर नेऊन सोडलं आणि १९४८ ते १९५८ या काळात तिथे ४३ चाचण्या झाल्या. १ नोव्हेंबर १९५२ च्या ‘आयव्ही माइक’ या १०.४ मेगाटनांच्या स्फोटात एलुगेलाब हे बेटच नाहीसं झालं; नकाशावर तिथे आता पाण्याखालचा जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. लोक या असल्या अजस्र स्फोटांबद्दल बोलतात. साफसफाई करणाऱ्याचं लक्ष मात्र रुनिट बेटाकडे जातं.

रुनिटवर मे १९५८ मध्ये ‘कॅक्टस’ नावाची १८ किलोटनांची चाचणी झाली. तिने बेटाच्या उत्तर टोकाला शंभरेक मीटर रुंद खड्डा पाडला. तो पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच ‘क्विन्स’ नावाची चाचणी झाली आणि ती फसली. म्हणजे आतलं साधं स्फोटक उडालं, पण अणुसाखळी काही पेटली नाही. परिणामी बॉम्बमधलं प्लुटोनियम न जळता तसंच बेटावर विखुरलं. आमच्या धंद्यात फुटलेल्या बॉम्बपेक्षा फसलेला बॉम्ब वाईट. फुटलेल्याची राख सुरुवातीला भयंकर असते, पण तिच्यातले बहुतेक घटक काही दिवसांत, महिन्यांत विझतात. प्लुटोनियम-२३९ चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं विझायला लागणारा काळ, २४,१०० वर्षं आहे. ते कुठेही जात नाही.

१९७७ साली जवान उतरले तेव्हा शेवटच्या चाचणीला एकोणीस वर्षं झाली होती. अल्पायुषी घटक संपले होते. उरलं होतं सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९०, थोडं कोबाल्ट-६०, आणि प्लुटोनियम व त्याच्यापासून तयार झालेलं अमेरिशियम. त्यामुळे बेटावर नुसतं उभं राहिल्याने अंगावर पडणारा गॅमाचा डोस बऱ्याच ठिकाणी फारसा नव्हता. फिल्म बॅज मोजतो तो हाच. उष्ण, दमट हवेत फिल्म बॅज खराब होतात, काळे पडतात, ही तक्रार तिथेही होती. पण ती बाजूला ठेवली आणि प्रत्येक बॅज ठणठणीत होता असं धरलं, तरी तो प्लुटोनियमबद्दल मुका आहे. प्लुटोनियम अल्फा कण फेकतं. अल्फा हवेत चारेक सेंटिमीटरवर दम तोडतो. कागद त्याला अडवतो, कातडीचा वरचा मेलेला थर अडवतो, बॅजचं वेष्टन तर अडवतंच. बाहेर राहिलं तर प्लुटोनियम जवळपास निरुपद्रवी. श्वासातून आत गेलं की मग तेच अल्फा कण फुफ्फुसाच्या जिवंत पेशींवर अगदी जवळून आदळत राहतात. न विरघळणारं प्लुटोनियम ऑक्साइड फुफ्फुसात वर्षानुवर्षं राहतं, तिथून लसिका ग्रंथींत, आणि थोडं थोडं रक्तावाटे हाडांत नि यकृतात जातं.

या अल्फाने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. आमच्याकडे एका खोलीत किरकोळ सांडलवंड झाली होती. पोरांनी फरशी तीनदा पुसली. मी नवा होतो. अल्फा मॉनिटर फरशीपासून बोटभर अंतरावर धरून सगळीकडे फिरवला, काटा हलला नाही, मी वहीत ‘निरंक’ लिहून सही केली. पावसाळ्याचे दिवस, खोलीत दमट हवा. दुसऱ्या दिवशी माझे वरिष्ठ आले, त्यांनी गोल फिल्टर पेपरने त्याच फरशीवर हात फिरवला, पेपर दिव्याखाली वाळवला आणि काउंटरखाली ठेवला. काउंटर टकटकायला लागला. फरशी ओलसर होती, आणि डोळ्यांना दिसतही नाही इतका पाण्याचा पापुद्रा अल्फाला गिळायला पुरतो. त्यांनी मला काहीही न बोलता वही पुढे केली. ‘निरंक’ खोडून मी काय लिहावं हे त्यांनी सांगितलं: ‘फरशी ओली, मापन ग्राह्य नाही.’

नोंदवहीत शून्य दोन जातींचं असतं हे मी त्या दिवशी शिकलो. एक, मोजलं आणि सापडलं नाही. दुसरं, मोजता येईल असं मोजलंच नाही. वहीत दोन्ही सारखीच दिसतात.

एनेवेटकवर काम आखणारे लोक अडाणी नव्हते, हेही सांगायला हवं. पाऊस, ओली माती, प्रवाळाची रेती, यात अल्फा मॉनिटर चालणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली. प्लुटोनियमच्या सोबतीला असलेलं अमेरिशियम-२४१ एक हलका गॅमा किरण सोडतं, ५९.५ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. पट्ट्यावर चालणाऱ्या एका गाडीला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला जर्मेनियमचा डिटेक्टर, आणि तो जमिनीवर टांगून अमेरिशियम मोजायचं. प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासून या बेटावर अमेरिशियमच्या किती पट प्लुटोनियम आहे ते काढायचं, आणि गुणाकार करायचा. गाडी सगळं बेट चौकटी आखून पालथं घालायची. १९७० च्या दशकात, भर समुद्रात, हे काम फार देखणं होतं. मी असतो तर मला अभिमान वाटला असता.

मातीचे निकषही ठरले होते. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या गटाने १९७४ मध्ये सुचवलं की दर ग्रॅम मातीत ४०० पिकोक्युरीच्या (हे किरणोत्सार मोजायचं एक एकक) वर प्लुटोनियम असेल तर ती उचलायची, ४० च्या खाली असेल तर राहू द्यायची, मधल्याचा निर्णय जागा पाहून. म्हणजे जमिनीचं मोजमाप अत्यंत काटेकोर. आता याच्या शेजारी जवानांच्या शरीराचं मोजमाप ठेवून पाहा, आणि मग मला राग का येतो ते कळेल. मातीसाठी जर्मेनियमचा डिटेक्टर, आणि माणसासाठी मुख्यतः छातीवर फिल्मचा तुकडा.

जवानच का पाठवले, याचं उत्तर हिशेबाचं आहे. अमेरिकी काँग्रेसने या कामाला एकदाच दोन कोटी डॉलर दिले आणि बाकी लष्कराच्या माणसांवर नि यंत्रांवर भागवा असं सांगितलं. जवानाचा पगार तसाही द्यायचाच असतो, त्यामुळे कागदावर तो फुकट पडतो. हवाईहून अभियंता बटालियनची माणसं आली, नौदलाची, हवाई दलाची आली. सुमारे चार हजार जण, पाळीपाळीने. बहुतेक विशीतली पोरं. सहा जण त्या काळात तिथेच दगावले.

त्यांनी केलं काय? झाडोरा काढायचा, बुलडोझरने वरची माती खरवडून ढीग करायचा, ती डंपरमध्ये, डंपर बोटीवर, बोट लगून ओलांडून रुनिटला. तिथे माती सिमेंट-पाण्यात कालवून तिचा लगदा करायचा आणि पाइपाने कॅक्टसच्या खड्ड्यात पाण्याखाली सोडायचा. खड्डा भरल्यावर त्यावर आणखी सिमेंट-मातीचा उंचवटा, आणि वर ३५८ काँक्रीटच्या फरश्यांचं, सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचं झाकण. हाच तो रुनिटचा घुमट, ११५ मीटर व्यासाचा. खाली तळाला अस्तर काहीच नाही. प्रवाळाची सच्छिद्र जमीन, भरतीबरोबर आतलं पाणी वर-खाली होतं. घुमट फुटेल का, अशा बातम्या दर दोन-तीन वर्षांनी येतात. तांत्रिक माणूस म्हणून मला ती भीती थोडी बाजूला गेलेली वाटते. लगूनच्या तळच्या गाळात घुमटातल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सार आधीपासून पडलेला आहे. घुमटाने फार थोडं झाकलं. दिसतो मात्र तोच.

आता तुमचा कळीचा प्रश्न: आत किती गेलं असेल? मी एक साधा हिशेब करून दाखवतो. दर ग्रॅमला ४०० पिकोक्युरी म्हणजे साधारण १५ बेकरेल; एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. समजा जवान रोज आठ तास, दीडशे दिवस, चांगल्याच धुळीत काम करतोय, घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम धूळ. तासाला सव्वा घनमीटर हवा तो आत घेणार. सहा महिन्यांत मिळून दीड ग्रॅम धूळ श्वासातून जाईल, म्हणजे वीसेक बेकरेल प्लुटोनियम. न विरघळणाऱ्या रूपासाठी आजचे गुणक लावले तर डोस एका मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेला डोस मोजायचं एकक) आत राहतो. किरणोत्सारी कामगाराची आपल्याकडची आजची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे सरकारी बाजू म्हणते तसं, सरासरी जवानाचा डोस कमी असावा हे मला पटतं. जे लोक ‘सगळ्यांना मारून टाकलं’ असं लिहितात त्यांच्याशी मी सहमत नाही.

पण हा हिशेब नीट पाहा, त्यात मी ‘समजा’ कितीदा म्हटलं? माती सगळीकडे ४०० ची नव्हती. क्विन्सच्या जागी प्लुटोनियमचे तुकडे होते. एक मायक्रोग्रॅम प्लुटोनियम म्हणजे २३०० बेकरेल. तेवढं श्वासातून आत गेलं तर वर्षभराची मर्यादा जवळपास एका झटक्यात संपते, आणि ते विरघळणाऱ्या रूपात असेल तर मर्यादेच्या तिप्पट-चौपट होतं. मोठा तुकडा श्वासात जात नाही हे खरं, पण बुलडोझरच्या पट्ट्याखाली मोठ्याचं बारीक व्हायला किती वेळ लागतो? हवेचे नमुने घेणारी यंत्रं तिथे होती. पण खांबावरचं यंत्र आणि डोझर चालवणाऱ्याचं नाक यांच्यात अंतर असतं. आमच्याकडे त्यासाठी शर्टाच्या कॉलरला लावायचा छोटा पंप असतो, कारण दहा फुटांवरच्या हवेवर भरवसा ठेवायचा नाही हे धंद्यात लवकर कळतं. सरासरीवरून चार हजार माणसांबद्दल बोलता येतं. त्या एका डोझरवाल्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

आणि कपडे. कागदोपत्री रुनिटवर संरक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या, कुठल्या कामाला मास्क, कुठे पूर्ण पोशाख वगैरे. माजी जवान सांगतात की बऱ्याच वेळा अर्धी चड्डी, टोपी आणि बूट एवढ्यावरच काम चालायचं. मला दोन्ही खरं वाटतं. त्या उन्हात, विषुववृत्तापासून जेमतेम अकरा-बारा अंशांवर, रबरी पोशाखात अर्धा तास फावडं मारून बघा. मी मे महिन्यात मुंबईत प्लॅस्टिकचा सूट घालून उभा राहिलोय, नुसता उभा, आणि बुटांत घाम साचून चपचप आवाज यायचा. उष्माघाताची भीती खोटी नसते. म्हणून अशा जागी माणसाला सूटमध्ये कोंडायचं नसतं, यंत्राच्या केबिनला बंदिस्त करून आत गाळलेली हवा सोडायची असते. ऑस्ट्रेलियाने पुढे तेच केलं. त्याआधी तिथे काय झालं तेही सांगतो, कारण तो लष्करी सफाईचा दुसरा धडा आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगाला ब्रिटिशांनी १९५६-५७ मध्ये सात अणुस्फोट केले. त्यानंतर १९६० ते १९६३ मध्ये ‘व्हिक्सन बी’ नावाच्या छोट्या चाचण्यांत सुमारे २२ किलो प्लुटोनियम उघड्यावर उधळलं. १९६७ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या तुकड्या ‘ऑपरेशन ब्रम्बी’साठी आल्या. उपाय काय? नांगरट. वरचं प्लुटोनियम खाली मातीत मिसळून टाकायचं, म्हणजे सरासरी कमी. शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल की नांगरल्याने हरळी मरत नाही, पसरते. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा प्लुटोनियम लागलेले तुकडे जमिनीवर सहज सापडले, आणि नांगरटीमुळे आता वरचा पातळ थर खरवडून भागणार नव्हतं. १९९५ ते २००० मध्ये दुसरी सफाई झाली, सुमारे १० कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून. तेव्हा माती उचलणारे चालक बंदिस्त केबिनमध्ये बसले होते.

परत डोसकडे येतो. आत गेलेलं प्लुटोनियम मोजायचा सरळ मार्ग म्हणजे चोवीस तासांची लघवी. शरीरातल्या साठ्याचा फार बारीक अंश रोज बाहेर पडतो. तो रासायनिक पद्धतीने वेगळा काढून दिवसचे दिवस मोजायचा. यातही एक मेख आहे आणि ती स्पेनमध्ये दिसली. १७ जानेवारी १९६६ ला पालोमारेस गावावर हवेत इंधन भरताना अमेरिकी बी-५२ विमानाची टक्कर झाली. चार हायड्रोजन बॉम्ब पडले. दोघांतलं साधं स्फोटक उडून टोमॅटोच्या शेतांवर प्लुटोनियम पसरलं. सुमारे सोळाशे अमेरिकी सैनिक गोळा करून त्यांच्याकडून माती पिंपांत भरून घेतली, ४८१० पिंपं, आणि जहाजाने अमेरिकेला नेली. लघवीचे नमुने घेतले होते. पण छावणीतच, शेतातून आलेल्या हातांनी. बऱ्याच नमुन्यांचे आकडे खूप वर आले, मग तज्ज्ञ म्हणाले की बाटलीत बाहेरची धूळ पडली असणार, आणि ते निकाल बाजूला ठेवले. धूळ पडली असेलही. पण मग पुन्हा, आंघोळ करून, जागेपासून लांब, दुसरा नमुना घ्यायचा असतो. वर आलेला आकडा नाकारायचा आणि नवा घ्यायचा नाही, याला माझे वरिष्ठ ‘सोयीचं शून्य’ म्हणायचे.

नमुना कसा मळतो, हे जवानांना पटावं म्हणून मी वर्गात गुलाल वापरायचो. एका टेबलावर गुलालाचा ढीग, शेजारी फावडं आणि बादली. दोघांना पांढरा सूट, दोन जोड हातमोजे, कापडी मास्क. काम: ढीग बादलीत भरा, मग आम्ही शिकवलंय त्या क्रमाने सूट उतरवा. उतरवताना सगळे एकदम आत्मविश्वासाने उतरवत. मग मी आरसा पुढे करायचो. कानामागे गुलाबी. मनगटाच्या आतल्या बाजूला गुलाबी कडं, हातमोजा आणि बाही यांच्या सांध्यावर. मोज्याच्या कडेला. शेवटी सांगायचो, पांढऱ्या रुमालात नाक शिंकरा. रुमाल पाहून वर्ग हसायचा, मग गप्प व्हायचा. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर तिसऱ्या दिवशीही नाकातून गुलाल निघतो हे आपल्याकडे प्रत्येकाला माहीत असतं. पण तोच हिशेब प्लुटोनियमला लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. एका सुभेदारांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: ‘साहेब, आणि त्या अमेरिकन पोरांनी रुमाल बघितला होता का?’

जवानांनी पुढची चाळीस वर्षं कशासाठी भांडण केलं ते आता सांगतो. एखाद्याच्या कॅन्सरवर ‘हा किरणोत्साराने झाला’ असा शिक्का नसतो. तो कॅन्सर धूम्रपानाने, नशिबाने किंवा वयानेही झाला असता. एकेका माणसाने ते सिद्ध करायचं म्हटलं तर डोसची नोंद लागते, आणि नोंद म्हणजे तो बॅज. म्हणून असल्या बाबतीत कायदा ‘गृहीत धरणं’ ही वाट काढतो: अमुक जागी, अमुक तारखांमध्ये हजर होतास आणि यादीतला आजार झाला, तर संबंध मानला जाईल. चाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या अमेरिकी सैनिकांना ही सवलत १९८८ च्या कायद्याने मिळाली. चाचण्यांनंतर झाडू मारायला गेलेल्यांना मिळाली नाही. ती मिळाली १० ऑगस्ट २०२२ ला, ‘पॅक्ट’ कायद्याने: एनेवेटकसाठी १ जानेवारी १९७७ ते ३१ डिसेंबर १९८०, शिवाय पालोमारेस आणि ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या, तशाच विमान अपघातानंतरच्या, सफाईचे जवान. एनेवेटकची विशीतली पोरं तोवर पासष्टीच्या आसपास पोचली होती. म्हणजे ‘सरकारने चूक कबूल केली’ असं जे तुम्ही वाचलं असेल ते तसं नाही. डोस जास्त होता असं कुणी म्हटलेलं नाही. सिद्ध करण्याचं ओझं फक्त जवानाच्या खांद्यावरून उतरवलं. मला हा निर्णय शास्त्रीयदृष्ट्याही योग्य वाटतो. मोजायची जबाबदारी ज्याची होती त्याने नीट मोजलं नाही, तर संशयाचा फायदा त्याला का मिळावा?

बेटवाल्यांबद्दल दोन शब्द, कारण ही सफाई त्यांच्यासाठी होती. ते १९८० मध्ये परतले, पण दक्षिणेकडच्या बेटांवर. रुनिट कायमचं बंद. उत्तरेचं एन्जेबी, जिथे त्यांच्यातल्या एका गटाची मूळ घरं होती, अजून वसलेलं नाही. तिथे मुख्य अडचण प्लुटोनियमची नाही, नारळाची आहे. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी, आणि झाडाला सीझियम पोटॅशियमसारखंच वाटतं, म्हणून ते भूक लागल्यासारखं सीझियम ओढून नारळात भरतं. शेजारच्या बिकिनीवर याच कारणाने परतलेल्या लोकांना १९७८ मध्ये पुन्हा हलवावं लागलं. नंतर प्रयोगांत दिसलं की झाडांना पोटॅशियमचं खत दिलं की नारळातलं सीझियम झपाट्याने उतरतं. कोकणात माडाला पोटॅश का घालायचं यावर कुणी भाषण मागत नाही, पण हे कारण कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता तुमचा भाऊ. पोखरणची काळजी मनात असेल तर ती काढून टाका. तिथल्या चाचण्या जमिनीखाली झाल्या, एनेवेटकसारखी वरची माती खरवडायचं काम त्यातून उभं राहिलेलं नाही. आपल्याकडे काम आलंच तर ते भंगारात आलेल्या स्रोताचं येण्याची शक्यता जास्त. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० उघडं पडलं, एक माणूस गेला. तिथे मुख्य धोका गॅमाचा, तिथे बॅज आणि घड्याळ खरंच कामाचे. म्हणून त्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘इथे काय सांडलंय?’ ‘किती आहे’ हे त्यानंतर. उत्तर गॅमाचं असेल तर किती वेळ, किती अंतरावर, आणि बॅजशिवाय हातात लगेच वाचता येणारा डोसमीटर आहे का, एवढं विचारलं तरी बरंच झालं. उत्तर अल्फाचं असेल तर बॅजचा विषय सोडून द्यावा आणि हवेचा विषय काढावा. माझ्या श्वासाजवळची हवा कोण मोजतंय? डोझरची केबिन बंद होते का? पाळी संपल्यावर नाकाचा स्वॅब घेणार का, त्याच तासात?

सैन्यात हुकुमाला प्रश्न करता येत नाही, असं मला कुणीतरी हमखास म्हणतं. माझा अनुभव वेगळा आहे. ‘साहेब, मास्कचा फिल्टर कितव्या तासाला बदलायचा?’ असा तांत्रिक प्रश्न कुठलाही चांगला अधिकारी ऐकून घेतो, कारण त्याचं उत्तर त्यालाही वर कुठेतरी द्यायचं असतं.

आणि एक काम त्याने कामावर जायच्या आधीच करावं. चोवीस तासांच्या लघवीचा नमुना, तोही जागेवर पाऊल ठेवण्यापूर्वी. नंतरच्या नमुन्यात काही सापडलं तर ते आधीपासून नव्हतं हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. बाटलीवर तारीख, वेळ आणि स्वतःची सही असावी. निकालाची एक प्रत स्वतःकडे मागावी, आणि त्यात शून्य आलं असेल तर शेजारी छोट्या अक्षरांत एक आकडा असतो तो बघावा: किती कमी प्रमाण ती पद्धत ओळखू शकते. तो आकडा नसेल तर प्रत परत करून तो लिहून मागावा.